कोपरा फाडलेली पाकिटं

उंबऱ्याच्या बाहेर

नागरिकहो, आधी एक रीत सांगतो. तुम्हाला ठाऊक असेल, तरी ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं.

कुणी गेलं की पै-पाहुण्यांना कार्डं जातात. त्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असतो. पोस्टमनच्या हातात तो तुटका कोपरा दिसला की घरातलं माणूस बाहेर येतं, कार्ड उंबऱ्याबाहेरच वाचतं, तिथंच फाडून टाकतं आणि पायावर पाणी घेऊन मग आत जातं. मरणाचा कागद घरात न्यायचा नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात, कोल्हापुरातल्या उत्तरेश्वर पेठेच्या एका बोळात, तानाबाई नावाची बाई आपल्या जित्याजागत्या मुलाला आलेल्या पत्रांचे कोपरे फाडत होती.

उंबऱ्याच्या आत

तानाबाई मिरची कांडपाच्या डंकावर कामाला जायची. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. थोरली शालू कुरुंदवाडला दिलेली. घरात ती आणि बाबासो. बाबासो बी.कॉम. झाला होता. बोळातला तो दुसरा पदवीधर. पहिला पिराजी. त्याच्याबद्दल लगेच सांगत नाही.

जिथं जागा निघेल तिथं बाबासो अर्ज टाकत होता. पहिलं उत्तर थंडीत आलं. लांब खाकी पाकीट, आत टाइप केलेल्या चार ओळी. आपली निवड होऊ शकली नाही, याचा खेद वाटतो. बाबासोनं कागद घडी करून खिशात ठेवला आणि दोन दिवस नीट जेवला नाही. दुसरं आलं तेव्हा चार दिवस. तानाबाई ताट वाढून बसायची आणि तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. तिनं काय विचारायचं? तिला अक्षर येत नव्हतं. पाकीट लांब आणि खाकी असलं की मुलगा जेवत नाही, एवढं मात्र तिला वाचता आलं.

आता पिराजी.

पिराजीला अशी तीन पाकिटं आली होती. तिसरं आल्यावर तो रंकाळ्यावर फिरायला म्हणून गेला. काठावर त्याच्या चपला सापडल्या.

यापुढे बोळात कुणी बोललं नाही. मीही बोलत नाही.

बाबासोची दोन झाली होती.

उंबऱ्याच्या बाहेर

तिसरं पाकीट आलं तेव्हा बाबासो टायपिंगच्या क्लासला गेला होता. तानाबाई डंकावरून दुपारची भाकरी खायला घरी आलेली. पोस्टमन कुतुबुद्दीन तेवीस वर्षं त्या पेठेत टपाल वाटत होता. त्यानं पाकीट तिच्या हातात दिलं आणि काही न बोलता सायकल पुढे काढली. चांगली बातमी असती तर हा घंटी वाजवत, नाव घेत आला असता. तिनं तसंच मनाशी धरलं.

चुलीत घालावं, तर त्याच्यावर अक्षर होतं, आणि अक्षर जाळायचं तिला धाडस होईना. घरात न्यावं, तर ते तिसरं होतं. मग अशा कागदाचं जे करतात ते तिनं केलं. कोपरा फाडला. पायावर तांब्याभर पाणी घेतलं. पाकीट घराला वळसा घालून मागच्या परड्यात नेऊन मिरच्यांच्या रिकाम्या डब्यात टाकलं आणि झाकण दाबून बसवलं.

मग चौथं आलं. पाचवं. सहावं. सातवं फार जाड होतं. त्याचा कोपरा फाडताना तिला दात लावावे लागले.

उंबऱ्याच्या आत

बाबासो रोज विचारायचा, टपाल आलं का. ती रोज नाही म्हणायची. पुढे त्यानं विचारणं सोडलं. पोस्टमन समोरून येताना दिसला की तो बोळ बदलायला लागला. एका अर्जाबरोबर त्यानं बी.कॉम.ची मूळ गुणपत्रिका पाठवली होती. ती परत मागायला दोन कार्डं टाकली, त्यांचंही उत्तर नाही. रात्री तो छताकडे बघत पडायचा. ती त्याचा श्वास मोजत पडायची. तीन महिने हे असं. दोघं भीत होती, आणि एकाची भीती दुसऱ्याला माहीत नव्हती.

नागरिकहो, मी काय सांगतोय ते तुमच्या घरात बसून वाचा. तुमच्याही घरात असा एखादा डबा असेल.

बोळ

बुधवारी सकाळी तानाबाई कामाला गेल्यावर शेजारच्या चिमणाबाईनं कुडावरून मान काढली. बाई मनानं वाईट नव्हती. तिला फक्त राहवत नसे.

"व्हय रं बाबासो, तुमच्यात कोन गेलं?"

"कोन गेलं म्हंजे?"

"मागल्या हप्त्यात तुज्या आईनं कोपरा फाडला की दारात. पायावर पानी घेतलं. मी बघितलंया. इचारलं न्हाय, म्हटलं दुखातलं मानूस." मग त्याचा चेहरा बघून तिचा आवाज खाली आला. "तुला सांगितलं न्हाय व्हय तिनं?"

बाबासोच्या डोक्यात एकच नाव आलं. शालू. आठवा महिना. पहिल्या वेळेला मरता मरता वाचली होती. आई अलीकडे परड्यात जाऊन डोळे पुसायची, विचारलं तर मिरची गेली म्हणायची. त्यानं चपला पायात सरकवल्या आणि दार उघडं टाकून एस.टी. स्टँडकडे पळत सुटला. कुठं जातोय ते सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं.

दुपारी तानाबाई घरी आली तर दार सताड उघडं. चिमणाबाई कुडापाशीच उभी होती. ती म्हणाली, "मी त्याला तुज्या त्या पत्राचं बोलले. पांढराफटक झाला नि पळाला बघ."

"कुठं?"

"मला काय म्हाईत?"

तानाबाईला माहीत होतं. म्हणजे तिला वाटलं की माहीत आहे. पत्रं कळली. एकदम पाच कळली.

रंकाळा

दुपारी रंकाळ्याच्या काठावर किती चपला असतात, हे तुम्ही कधी मोजलंय? बायका धुणं धूत असतात, कुणी म्हशी धूत असतो, पोहणारी पोरं असतात. सगळ्यांच्या चपला काठावर. तानाबाई डंकावरच्याच लुगड्यात, अनवाणी, प्रत्येक जोडापाशी वाकत चालली होती. बाबासोच्या चपलेला टाचेशी टायरचं ठिगळ होतं. मिरचीनं लाल झालेल्या हातांनी ती एकेक चप्पल उलटी करून बघत होती. काही बायकांना ती चोर वाटली, एकीनं हटकलंही. तिला ऐकू आलं नाही. दगडी पायऱ्यांच्या टोकाला एक जोड वेगळाच ठेवलेला होता, नीट, पाण्याकडे तोंड करून. तिनं उजवी चप्पल उलटी केली. टाचेशी टायरचं

इथं तिचा श्वास थांबला, म्हणून वाक्यही थांबलं.

ठिगळ होतं. आणि पाण्यातून एक गलेलठ्ठ पैलवान डोकं वर काढून ओरडला, "ए मावशे, माज्या हायत त्या!"

ती तिथंच पायरीवर बसली.

कुतुबुद्दीन दुपारचं टपाल घेऊन त्या बाजूनं चालला होता. त्यानं तिला ओळखलं, सायकल भिंतीला लावली आणि दोन पायऱ्या सोडून बसला. तिनं सगळं सांगितलं. डबा, कोपरे, पिराजी, तिसरं पाकीट. सांगताना ती पाण्याकडे बघत होती. ती थांबल्यावर तो म्हणाला,

"तानाक्का, पोरगं मला बघून बोळ बदलतंय. मला वाटलं नकारानं लाजतंय. त्याला पत्रं मिळालीच न्हाईत व्हय? तीन म्हैनं त्याला वाटत आसंल, आपल्याला न्हाय म्हणायचा बी कुणी तरास घेत न्हाय."

ती म्हणाली, तिसऱ्या पत्रानंच पिराजी गेला, सगळ्या पेठेला ठाऊक आहे.

"ती तिन्ही म्याच दिलती," कुतुबुद्दीन म्हणाला. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "का गेला, ते मला ठावं न्हाय, पेठंला बी न्हाय. यवढं ठावं हाय की तिन्ही त्याच्या खिशात सापडली. घरातल्या कुणी बघितलीच नव्हती. नकार आला म्हंजे घराची अब्रू गेली, आसं त्याच्या घरात चालायचं. मग त्यो एकटाच वाचायचा. मी तेवीस वर्सं नकार वाटतोय. मानसं चार दीस उपाशी ऱ्हात्यात, पाचव्या दिशी नवा अर्ज घिऊन पेटीपाशी येत्यात. पर कुणीतरी ताट वाढून, शेजारी बसून इचारावं लागतंय, काय आलं रं, वाच की. तुमी एकट्या डबा राखत बसलाय, त्यो एकटा वाट बघत बसलाय. एका घरात दोन एकटी."

मग त्याला काहीतरी सुचलं. "आनि आत नकारच हाय, हे तुमाला कुणी सांगितलं?"

"तू घंटी वाजवली न्हाईस."

"घंटी?" कुतुबुद्दीन तिच्याकडे बघतच राहिला. "माजी घंटी दोन वर्सं झाली मोडलीया. आनि पाकीट बंद असतंय, तानाक्का. आतलं मला काय दिसतंय?"

तानाबाईनं तोंडावर हात घेतला. तीन महिने ती नकाराला भीत होती. आता तिला वेगळीच भीती वाटली. त्या पाचांत एखादं बोलावणं असेल तर? तारीख उलटून गेलेलं?

उंबऱ्यावर

कुतुबुद्दीननं काठावर दोघा-तिघांना विचारलं. बाबासोला तिथं कुणी बघितलं नव्हतं. त्यानं तिला घरी आणलं, राहिलेलं टपाल वाटलं आणि परत येऊन बसला. तानाबाईनं परड्यातून डबा आणला. आत न्यायला ती धजेना, आणि बाहेर ठेवायचाही आता धीर होईना, म्हणून उंबऱ्यावरच मांडीत घेऊन बसली. चिमणाबाई दोनदा चहा घेऊन आली. दोन्ही चहा निवून गेले.

दिवेलागणीला बाबासो बोळाच्या तोंडाशी दिसला. हातात वांग्यांचं गाठोडं. तानाबाईनं आधी त्याच्या पायांकडे बघितलं. चपला पायात होत्या.

तो संतापलेला होता. "शालूअक्का धडधाकट हाय. म्या दारात जाऊन रडाय लागलो तशी हसाय लागली. ही वांगी दिलीत. आये, कुणाचं कार्ड आलंतं? कोन गेलं?"

"कोन गेलं न्हाय," तानाबाई म्हणाली. "तुजी हायती."

तिनं डबा पुढे केला. झाकण निघालं तसा मिरचीचा खकाणा उडाला. सगळे शिंकले, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशाचं हे कुणालाच कुणाला विचारावं लागलं नाही.

बाबासोनं पाच पाकिटं बघितली. पाच तुटके कोपरे बघितले. मग उंबऱ्यावर आईशेजारी बसून पहिलं उघडलं.

"निवड होऊ शकली नाही."

तानाबाईनं श्वास सोडला. दुसरं उघडताना ती पुटपुटायला लागली. कुतुबुद्दीननं कान दिला. ती देवाला म्हणत होती, न्हायच असूंदे, बाबा, न्हायच असूंदे.

दुसरं नाही. तिसरं नाही. चौथ्यात खेद जरा जास्त होता, पण नाहीच. दर नकाराला तिचा चेहरा उजळत होता. चिमणाबाईला हा काय प्रकार आहे ते समजेना.

पाचवं ते जाड पाकीट. पत्रात नकार होता, आणि सोबत मूळ गुणपत्रिका परत. बाबासोनं चार घड्यांचा तो कागद उलगडला. दातांनी फाडलेला कोपरा घडीचा होता. कागदाच्या बरोबर मधे रुपयाएवढं भोक पडलं होतं, आणि तीन विषयांचे गुण त्यात गेले होते.

तानाबाईनं पदर दातांवर दाबला.

बाबासोनं गुणपत्रिका वर धरली. भोकातून त्याला आईचं तोंड दिसलं. लाल डोळे, लाल हात, कपाळावर रंकाळ्याच्या पायऱ्यांची धूळ. तो एकटाच घाबरला होता असं त्याला तीन महिने वाटत होतं.

"दुसरी मिळती," तो म्हणाला. "अर्ज टाकाय लागतोय."

"आनि एक अर्ज?" कुतुबुद्दीन म्हणाला, आणि सगळ्यात आधी तानाबाई हसली.

उंबऱ्याच्या आत

त्या घराच्या भिंतीला एक वाकवलेली तार टांगलेली होती. तिच्यात घरातली पत्रं ओवलेली असायची, शालूची खुशाली, मामाकडच्या लग्नपत्रिका, शाळेचे दाखले. मरणाचं कार्ड त्या तारेत कधीच गेलं नाही. बाबासोनं पाचही पत्रं तारेत ओवली, मग खिशातली घडी पडून विरलेली दोनही. सात झाली. तानाबाई कंदील धरून उभी होती. तिनं उंबऱ्यात पाणी ठेवलं नव्हतं.

नागरिकहो, नकार घरोघरी येतात. आपण त्यांना मरणासारखं वागवतो, दाराबाहेर ठेवतो, खिशात लपवतो, मुलानं आईपासून आणि आईनं मुलापासून. कागदावर चार ओळी असतात, आणि त्या फक्त एका जागेबद्दल असतात. त्यांना घरात घ्या. मोठ्यानं वाचा. ज्याला नकार आला त्याच्या शेजारी बसा, आणि तारेत ओवून टाका.

आठवं पत्र काय आणणार होतं, ते त्या संध्याकाळी कुणालाच ठाऊक नव्हतं. चिमणाबाईनं वांगी चिरली. तानाबाईनं फोडणी दिली, चटणी जरा जास्तच पडली. कुतुबुद्दीनलाही आग्रह करून बसवलं. बाबासोनं भाकरी मागून घेतली, मग आणखी एक.