हाडं वाट देतात

झरीच्या चतुराबाईंकडे आसपासच्या गावांतून माणसं यायची. कुणाचा खांदा निखळलेला, कुणाचा घोटा मुरगळलेला, कुणाच्या कमरेत उसण भरलेली. हाड बसवायची ही विद्या त्यांना वडिलांकडून मिळाली होती. हाड मोडलेलं दिसलं की त्या हात लावत नसत, सरळ परभणीला पाठवत. पण निखळलेलं, लचकलेलं त्यांच्या अंगठ्याखाली जागेवर यायचं. त्या बोलायच्या कमी. दुखऱ्या जागेवर हात ठेवला की डोळे मिटून घ्यायच्या, आणि आलेला माणूसही मग आपोआप गप्प व्हायचा.

त्यांची एकुलती एक मुलगी निकिता सेलूला दिलेली होती. जावई महारुद्र तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आणि निकिता एका खाजगी शाळेत पहिलीला शिकवायची. तिला दिवस राहिले. सुरुवातीचे महिने उलट्यांत गेले, मग जेवण जाऊ लागलं, आणि पाचवा सरता सरता कमरेच्या दुखण्यानं डोकं वर काढलं. उजव्या बाजूला खाली, जिथं खळी असते, तिथं कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं दुखायचं. कूस बदलताना दुखायचं, रिक्षात चढताना दुखायचं. फळ्यापाशी उभं राहून लिहिताना या पायावरचा भार त्या पायावर घेणं जमेना. सासूबाई मनानं चांगल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, की हिच्या आईकडं सगळा मुलूख कंबर दाखवायला जातो, मग हिनं दुखणं अंगावर का काढावं? शाळेला सुट्टी लागताच महारुद्र तिला रेल्वेनं परभणीला आणि तिथून जीपनं झरीला घेऊन आला.

निकिता अंगणातून ओसरीकडे येताना चतुराबाईंनी पाहिलं. पायरीशी ती थांबली, खांबाला धरलं, डावा पाय वर ठेवला आणि उजवा पाय हातानं मांडीला धरून वर घेतला. त्यांनी पुढं होऊन तिच्या हातातली पिशवी घेतली. पण संध्याकाळी निकितानं कंबर बसवायचा विषय काढला, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. पोटुशी बाईच्या हाडाला हात लावायचा नाही, असं वडील सांगून गेले होते. का, ते त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि चतुराबाईंनी कधी विचारलं नव्हतं.

निकिता म्हणाली, "आई, परक्याच्या लेकी तुझ्याकडून हसत जातेत. मी रडतच जाऊ का?"

हे बोल लागले. चतुराबाईंनी करडीचं तेल कोमट केलं, लेकीला डाव्या कुशीवर निजवलं आणि नुसतं बघायचं, दाबायचं नाही असं मनाशी ठरवून अंगठा कमरेच्या खळीवर ठेवला. तिथला सांधा त्यांच्या ओळखीचा होता. माकडहाडाच्या वर, दोन्ही बाजूंना, दगडी जोत्यासारखा घट्ट. इतक्या माणसांच्या कमरा पाहिल्या, पण तो सांधा त्यांना कधी हललेला आढळला नव्हता. त्यांनी निकिताला गुडघा जरासा पुढं घ्यायला सांगितलं, आणि अंगठ्याखाली ते जोतं सरकलं. अगदी थोडं, पण सरकलं.

त्यांनी हात काढून घेतला. निकितानं विचारलं काय झालं, तर म्हणाल्या काही नाही, उद्या परभणीला जाऊ. आपल्या लेकीच्या शरीराच्या जोत्यातलंच काहीतरी निखळलंय, असं त्यांना वाटलं होतं, आणि ते बसवायची विद्या त्यांच्यापाशी नव्हती.

दुसऱ्या दिवशी परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी निकिताला तपासलं. बाळ ठीक होतं, ठोके ठीक होते. कमरेसाठी त्यांनी वसमत रस्त्यावरच्या सुकेशनी मॅडमकडे पाठवलं. सुकेशनी फिजिओथेरपिस्ट होती, म्हणजे औषधाऐवजी हातानं आणि व्यायामानं दुखणं हलकं करणारी. मूळची गंगाखेडची, वयानं निकिताहून थोडी मोठी. तिच्या खोलीत एक पलंग होता, भिंतीला मोठा आरसा होता आणि टेबलावर प्लास्टिकचा एक सांगाडा ठेवला होता, फक्त कमरेचा.

चतुराबाईंची नजर त्याच्यावरून हलेना. सुकेशनीनं तो उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी सवयीनं डोळे मिटले आणि बोटं फिरवली. ही कड, हा खड्डा, ही मागची खळी, खाली बसायची दोन हाडं. आयुष्यभर चामडीच्या आणि मांसाच्या आडून जे चाचपलं, ते सगळं आज उघडं त्यांच्या हातात होतं, आणि एकही जागा अनोळखी नव्हती. मग बोटं आत गेली. आतली पोकळी त्यांना माहीत नव्हती. गोल, गुळगुळीत, एखाद्या बिनबुडाच्या वाडग्यासारखी. त्यांनी डोळे उघडले.

"इथून येतं का लेकरू?"

"इथूनच, मावशी," सुकेशनी म्हणाली. "तुमीबी असंच आलात, मीबी."

मग तिनं समजावून सांगितलं. निकिताचं काही निखळलं नव्हतं. दिवस राहिले की बाईच्या रक्तात एक रस वाढतो आणि हाडांना बांधून ठेवणारे दोर मऊ पडतात. एरवी एकमेकांना चिकटून असलेली ही हाडं मग थोडी सैल होतात, बाळाला वाट मिळावी म्हणून. काहींना ते जाणवतही नाही. काहींची एक बाजू जास्त सैल पडते, पोटाचा भार पुढं ओढतो, कंबर आत वळते, आणि मग असं दुखतं. चतुराबाईंनी काल अंगठ्याखाली जोतं सरकल्याचं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, तेही तसंच काहीतरी असेल.

चतुराबाई सांगाड्याकडे बघत होत्या. हे केव्हा सुरू होतं, असं त्यांनी विचारलं. सुकेशनी म्हणाली, अगदी सुरुवातीपासून, पोट दिसायच्याही आधी.

"म्हंजे पोरगी उलट्या करायलीती, तवाच हाडाला ठावं झालतं?"

"तवाच."

"कोण सांगतं त्याला?"

सुकेशनीनं यावर पुस्तकातलं एखादं उत्तर दिलं असतं तर चालून गेलं असतं. पण ती म्हणाली, की शिकताना तिलाही हाच प्रश्न पडला होता, आणि रसाचं नाव पाठ झालं म्हणून तो काही सुटला नाही.

तिनं निकिताला पलंगावर उताणं निजवलं आणि उजवा पाय सरळ ठेवून वीतभर उचलायला सांगितला. निकितानं दात आवळले. पाय जागचा हलला नाही. जणू तो तिचा नव्हताच. मग सुकेशनीनं चतुराबाईंना जवळ बोलावलं. दोन्ही तळवे निकिताच्या कमरेला दोन बाजूंनी लावायला सांगितले आणि आतल्या बाजूला हलकं दाबून धरायला. झटका नाही, कडकन आवाज काढायचा नाही. भरलेला माठ उचलताना धरतो तसं, बस.

चतुराबाईंनी धरलं.

"आता उचल," सुकेशनी म्हणाली.

निकिताचा पाय वर आला. अलगद, बिनात्रासाचा. तिनं स्वतःच्या पायाकडे बघितलं, मग आईकडे. तिच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं आणि ती हसत होती. चतुराबाईंना मात्र हसूही आलं नाही आणि रडूही. त्यांनी काही बसवलं नव्हतं, काही ओढलं नव्हतं. नुसतं धरलं होतं. त्या कितीतरी वेळ तशाच धरून उभ्या राहिल्या, शेवटी सुकेशनीनंच त्यांचे हात हलकेच सोडवले.

त्या दिवशी निकिताला कमरेचा एक रुंद पट्टा मिळाला, जो त्या तळव्यांचं काम करणार होता. एका पायावर उभं राहायचं नाही, सलवार बसूनच घालायची, झोपताना दोन गुडघ्यांत उशी, कूस बदलताना गुडघे जुळवून. शिवाय थोडे हलके व्यायाम. निघताना सुकेशनी म्हणाली, की दुखणं एकदम जाणार नाही, पण ते सोबत घेऊन चालता येईल इतकं कमी होईल.

झालंही तसंच. निकिता रजा वाढवून झरीलाच राहिली. काही दिवस चांगले जायचे, काही वाईट. वाईट दिवशी ती चिडायची, पट्टा काढून फेकायची आणि परत मागून घ्यायची. सकाळी अंघोळीनंतर चतुराबाई तिच्या कमरेला तळवे लावून बसायच्या. सुरुवातीला तो इलाज होता. पुढं पुढं त्यांना त्याची ओढ लागली.

कारण त्या हातांना रोज नवं काही कळत होतं. सातव्यात पाठीचा कणा कमरेपाशी असा आत वळला, की पेरणीची पाभर ओढणाऱ्या बैलाची पाठही तशी वळत नाही. आठव्यात बरगड्या पसरल्या. निकिता म्हणायची ब्लाउज होत नाही, आणि चतुराबाई बोटांनी मोजून बघायच्या, की खरंच, बरगडीच बाहेर सरकली होती, फुप्फुसाला जागा करून द्यायला. घरात पाहुणे यायचे म्हटलं की आपण खाटा सरकवतो, पण इथं घरच्या भिंतीच सरकत होत्या, आणि घर उभं होतं. नवव्यात पोट खाली उतरलं. निकिताला श्वास मोकळा झाला, चाल मात्र बदकासारखी झाली. चतुराबाईंचे पती मुंजाजी गमतीनं काही बोलायला गेले, तर चतुराबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून गोठ्याकडे गेले.

याच दिवसांत शेजारच्या गावातून एक पोटुशी बाई कंबर दाखवायला आली. चतुराबाईंनी तिला चहा पाजला, गुडघ्यात उशी कशी घ्यायची ते सांगितलं आणि आधी डॉक्टरीणबाईंकडं, मग सुकेशनीकडं जायला सांगितलं. वडिलांचा नियम त्यांनी मोडला नाही. पण तो भीतीचा नियम आहे असं त्यांना आता वाटेना. देवळाच्या गाभाऱ्यापाशी आपण आपसूक मागं थांबतो, तसा तो वाटायला लागला.

कळा सकाळी सुरू झाल्या. मुंजाजींनी गाडी बोलावली. परभणीच्या दवाखान्यात बाळंतिणीजवळ एका बाईला थांबू देत असत, म्हणून चतुराबाई आत गेल्या. महारुद्र सेलूहून निघाला होता. निकिता पलंगाच्या कडेला हात टेकून पुढं वाकून उभी राहायची. कळ आली की कमरेला दोन्ही बाजूंनी दाबून धरा, त्यानं तिला आराम पडेल, असं सुकेशनीनं आधीच शिकवून ठेवलं होतं. डॉक्टरीणबाईंनीही मान हलवली.

कळ यायची, चतुराबाई धरायच्या. कळ जायची, त्या हात सैल करायच्या. दुपार चढत गेली तशी कळांमधली उसंत कमी झाली. आणि मग एका कळेला त्यांना तळव्यांखाली ते जाणवलं. त्या दाबत होत्या आणि आतून कुणीतरी उलट बाजूला सारत होतं. जोर त्यांच्यापेक्षा किती तरी मोठा होता, पण त्यात घाई नव्हती. दगडी जोतं त्यांच्या दोन हातांमध्ये रुंद होत होतं. त्यांनी आजवर हाडांना जागा दाखवली होती. इथं हाडं कुणालातरी जागा देत होती, आणि त्यांच्या लेकीचा आवाज त्या जागेतून येत होता, कधी न ऐकलेला, जाड आणि खोल.

"आई, सोडू नको," निकिता म्हणाली.

"न्हाई सोडत, बाळा. धरलंय."

मुलगी झाली. नर्सनं पुसून, गुंडाळून तिला चतुराबाईंच्या हातात दिलं. डोकं लांबुडकं झालं होतं. त्यांनी टोपडं घालायच्या आधी सहज बोटं फिरवली आणि ती थबकली. टाळूच्या मागं एक उंचवटा होता. एक हाड दुसऱ्या हाडावर चढलेलं. त्यांच्या अंगठ्यानं आपसूक जागा घेतली, आणि मग तो तिथंच थांबला. त्यांनी नर्सला विचारलं. नर्सला घाई होती, तरी ती सांगून गेली, की वाट अरुंद असते, म्हणून डोक्याची हाडं एकमेकांवर सरकून येतात, सगळ्याच लेकरांची, काही दिवसांत आपोआप बसतं, हात लावायचं काम नाही.

म्हणजे आईनंच नव्हे, लेकरानंही वाट केली होती. दोघींनी मिळून. चतुराबाई नातीला छातीशी धरून खिडकीपाशी उभ्या राहिल्या. महारुद्र आत आला, त्यानं सगळं ठीक आहे ना विचारलं, तर त्यांनी लेकरू त्याच्यापुढं धरलं.

घरी सोडायच्या दिवशी सकाळी त्यांनी नातीचं डोकं कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसलं. उंचवटा उतरला होता. त्या जागी आता बारीक फट होती, धाग्याएवढी, आणि पुढं मऊ टाळू उडत होती. त्यांनी निकिताचा हात घेतला, तिचं बोट त्या जागेवर आणलं आणि नुसतं टेकू दिलं.

निकितानं श्वास रोखून धरला.

"हळू," चतुराबाई म्हणाल्या. "आजून काम चालू हाय आत."