पुठ्ठ्यावरच्या कवट्या

धान्याच्या गोदामात, उंच आढ्यापाशी, गव्हाणी घुबडांचं जोडपं राहायचं आणि गोदाम सांभाळणाऱ्या मामाच्या भाचीचा सगळा जीव त्यांच्यात. घुबड उंदीर अख्खा गिळतं, मांस पचवतं आणि उरलेल्या केसाहाडांचा गोळा ओकून टाकतं. भाची ते गोळे वेचायची, पाण्यात भिजवायची, चिमट्याने एकेक हाड सोडवायची. आई म्हणायची, "लोकांच्या मुली लोकर उलगडतात, आमच्या कन्येचं हे असं."

मालकाला मात्र घुबडं डोळ्यांसमोर नको होती. पोत्यांवर घाण पडते, त्यांचा ये-जा करायचा झरोका बुजवून टाका, म्हणाला. पिल्लं नुकतीच अंड्यातून बाहेर आली होती. तिने गोळ्यांतल्या कवट्या पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवल्या आणि मामाच्या हातात दिल्या. "दाखव मालकाला. हे सगळे त्याचंच धान्य खात होते."

मालकाने पुठ्ठा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अरे, माझ्या गोदामात एवढे उंदीर?"

झरोका वाचला, पण त्याच दिवशी मालकाने मामाला उंदरांचं औषध आणायला पिटाळलं. मामाने ते पोत्यांमागे ठेवलं. भाचीला काही बोलला नाही. त्यात सांगण्यासारखं काय? घुबडं उंदीर मारतात, आपणही मारू, तेवढाच त्या बिचाऱ्यांना हातभार. भोळा माणूस, दुसरं काय.

मग गोळे मोठे मोठे येऊ लागले. एकेकात पूर्वीपेक्षा जास्त कवट्या. भाची हरखून गेली. "मामा, पोटभर खातायत बघ." औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, झिंगत फिरतो आणि सहज पंजात सापडतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण आनंदात माणसाची अक्कल चरायला जाते. तिने विचारलंच नाही.

एका सकाळी नर पोत्यांवर मरून पडला. मामाने तिला बोलावून घेतलं. तिने चोच उघडली, आत रक्त होतं.

"मामा, इथे औषध ठेवलंय?"

"मग? तुझ्या पुठ्ठ्यामुळेच तर," मामा अजूनही कौतुकानेच बोलला. तिने सांगितलं, औषध खाल्लेला उंदीर गिळला की ते विष घुबडालाही मारतं. "अगं, आधी बोलायचं नाही का?"

तिला स्वतःचीच चीड आली.

दोघांनी मिळून औषध वेचून काढलं. पण ते खाल्लेले उंदीर कुठून वेचणार?

संध्याकाळी मादी झरोक्यात येऊन बसली. चोचीत उंदीर होता. आत पिल्लं भुकेने फुसफुसत होती. तिथवर शिडी पोहोचत नव्हती. भाचीने टाळ्या वाजवल्या. मामाने पत्र्याचा डबा बडवला, घसा फुटेस्तोवर ओरडला, "टाक ते, टाक गं बाई."

मादीने मान वळवून खाली पाहिलं. मामाचा आवाज ती रोजच ऐकत होती, त्याला कशाला भिणार? ती आत गेली आणि पिल्लांची फुसफुस थांबली.