पोराचं कुत्रं

कुत्रं पाळायचं म्हणजे घरात एक खाणारं तोंड वाढवायचं आणि वर त्याचं भुंकणंही ऐकून घ्यायचं. माझ्या बापानं कधी पाळलं नाही, मीही पाळलं नाही. त्यामुळे दिवाळीनंतर एका सकाळी आमचा संतराम उपरण्यात एक भुरं पिल्लू गुंडाळून घेऊन आला, तेव्हा माझं टाळकंच सरकलं.

पुंजाजी धनगराच्या मेंढ्या तेव्हा खतासाठी आमच्या रानात बसल्या होत्या. त्याच्याकडूनच हे आणलेलं. डोळे नुकते उघडलेले, पोट नगाऱ्याएवढं.

"हे कशापायी?" मी विचारलं.

"राखणीला व्हईल, बाबा. धनगराच्या कुत्र्याची जात हाय. परक्या माणसाला जवळ येऊ देत न्हाई."

"घरात राखण्यासारखं हाय तरी काय? जिथून आणलं तिथं नेऊन टाक."

त्यानं मान डोलावली आणि पिल्लाला दूध पाजायला बसला. आमच्या पोराची ही रीतच. तोंडानं हो म्हणायचं आणि करायचं मनातलं. आठवडा झाला नाही तोच एका पहाटे तो स्वतःच घरातून नाहीसा झाला. पिल्लू मात्र गोठ्यात राहिलं.

कुठं गेला हे कुणी सांगायची गरज नव्हती. देशाला स्वातंत्र्य मिळालं होतं, पण आम्ही मोगलाईत. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, तिथं तिरंगा. अलीकडे निजामाचं राज्य. नदी उतरून आमच्याकडची पोरं तिकडच्या लढ्याच्या कॅम्पात जात होती आणि मधूनच अलीकडे येऊन करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळून परत जात होती. संतराम त्यांच्यात सामील झाला होता. गावात आम्ही सांगितलं, तो परभणीला मामाकडे कापसाच्या जिनिंगात लागलाय. सगळ्या गावाला खरं ठाऊक होतं आणि सगळं गाव परभणीच सांगत होतं.

"त्याला जायचंच व्हतं, म्हून तर पिल्लू आणलं," माझी बायको अनुसया म्हणाली. "आपल्यापाशी कोनीतरी असावं म्हून."

"पोराच्या बदल्यात कुत्रं! सौदा मोठा झकास हाय," मी म्हणालो आणि पायाशी आलेल्या पिल्लाला पायानंच बाजूला सारलं.

तेव्हापासून माझं बूड एका जागी टेकेना. औत धरलं की वाटायचं, घरी काही निरोप आला असेल. घरी आलं की वाटायचं, रानात कुणी वाट बघत थांबलं असेल. जेवण अर्ध्यावर टाकून मी नदीकडे निघायचो. पलीकडचा काठ बघायचो. तिकडेही इकडच्यासारख्याच बाभळी आणि तसलीच काळी माती. बघण्यासारखं काही नसायचं, तरी बघायचो, आणि परत फिरताना पाठीमागे ते पिल्लू दिसायचं; अनुसया त्याला भुऱ्या म्हणायची.

त्याला मी बोलावलं नव्हतं. ढेकळं मारली, शिव्या घातल्या. तो चार कासरे मागे राहायचा, पण यायचा. मी थांबलो की थांबायचा, चाललो की चालायचा. घरात अनुसया मला म्हणायची, "पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या? बसा की जरा." भुऱ्यानं तसं कधी विचारलं नाही. हळूहळू ते चार कासऱ्यांचं अंतर दोनावर आलं, मग माझ्या धोतराला त्याचं नाक लागायला लागलं, आणि एक दिवस नदीच्या काठावर मी माझ्या भाकरीतली अर्धी त्याच्यापुढे टाकली. का टाकली, देव जाणे.

अनुसयेशी जे बोलता यायचं नाही ते मी त्याच्याशी बोलायला लागलो. "पोरगं जिवंत असंल का रे?" हे बायकोला कसं विचारणार? कुत्र्याला विचारता येतं. उन्हाळा लागेपर्यंत तो माझ्या गुडघ्याच्या वर येईल एवढा झाला होता. कुणी अनोळखी माणूस वाटेत आला आणि माझी चाल जरा जरी बदलली, तरी त्याच्या मानेवरचे केस उभे राहायचे. लोक विचारायचे तेव्हा मात्र मी सांगायचो, "पोराचं हाय. आपल्याला काय कुत्र्याचा नाद न्हाई."

मृगाच्या तोंडावर एका दुपारी शेजारचा मसाजी धापा टाकत आला.

"व्यंकटराव, संतराम सापडला. नदीच्या उतारावर धरला. त्यानं नाव ग्यानबा सांगितलंय, पलीकडच्या रिसोडचा बैलांचा दलाल हाय म्हनतोय. जमादार त्याला चावडीवर घेऊन आलाय. कोनी वळखतं का ते बघायचं हाय त्याला. गावाला समदं सांगून झालंय, कोनी बोलनार न्हाई. तुमी फकस्त चेहरा सांभाळा."

न ओळखला तर परका दलाल म्हणून सुटणार होता. ओळखला तर गोळी खाणार होता.

अनुसया भिंतीला धरून उभी होती. "म्या येत न्हाई," ती म्हणाली. "माझ्या तोंडावर समदं दिसंल. तुमी जा. आन् त्या भुऱ्याला बांधा आधी! मानसं गप बसतील, पन त्याला कोन सांगावं? त्यानं आनलेलं हाय ते, शेपूट हालवत जाऊन पायात लोळलं म्हंजी झालं वाटुळं."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी भुऱ्याला गोठ्यात दावणीला बांधलं. त्याला बांधायची सवय नव्हती. तो कण्हायला लागला, गळ्यातलं दावं काचत होतं. मला ते बघवेना. मी दावणीजवळची गाठ जराशी सैल केली आणि चावडीकडे पळालो. एवढा शहाणा माणूस मी!

चावडीपुढे सगळं गाव खाली माना घालून उभं होतं. मधोमध संतराम. हात पाठीमागे बांधलेले, दाढी वाढलेली, अंगावर कुणाचा तरी ढगळ सदरा. निम्मा झाला होता पोरगा. जमादार त्याला दंडाला धरून एकेका माणसापुढे उभा करत होता. एकेक जण मान हलवत होता. मग तो माझ्यापुढे आला.

"पहचानते इसकू?"

"न्हाई, साहेब."

"तुमारा भी एक लडका है ना? कहाँ है?"

"परभणीला. जिनिंगात."

जमादार हलेना. एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. संतराम माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. हातभर अंतरावर माझा पोरगा, आणि माझे हात थरथरायला लागले. मी ते धोतरात लपवले. आता आपण रडणार, हे मला कळून चुकलं.

तेवढ्यात लोकांच्या पायांतून भुऱ्या आला. गळ्यात सुटलेलं दावं तसंच फरफटत. मसाजीनं डोळेच मिटले.

भुऱ्या माझ्यापाशी आला, माझा थरथरता हात हुंगला. मग मान वर करून त्यानं समोरच्या माणसाकडे बघितलं. मानेवरचे केस उभे राहिले, आणि मी वाकून धरायच्या आत त्यानं संतरामच्या पोटरीचा लचका धरला.

"पाटील!" संतराम ओरडला. "तुमचं कुत्रं आवरा, पाटील!"

मला जन्मात त्यानं बाबाशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. मी भुऱ्याला मिठी घालून मागे ओढलं. तो गुरगुरत होता, थरथरत होता, सगळं अंग त्या माणसाच्या आणि माझ्या मध्ये आणत होता.

"किसका कुत्ता है ये?" जमादारानं विचारलं.

"माझा, साहेब. माझा हाय."

जमादार हसला. "गाँव का कुत्ता गाँववाले कू नै काटता," तो शिपायाला म्हणाला. "छोड दो इसकू. नदी पार हकाल दो."

संतरामचे हात सोडले. तो लंगडत नदीच्या वाटेला लागला. पोटरीतून रक्त टाचेवर उतरत होतं. एकदाही त्यानं मागे बघितलं नाही, आणि बघू नये म्हणून मी देवाचा धावा करत होतो.

जमादार गेला, लोक पांगले. मसाजी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वाचलं पोरगं." मी भुऱ्याला धरून तिथंच बसलो होतो. भुऱ्या माझं मनगट चाटत होता. त्याचं तोंड ओलं आणि लाल होतं, ते मी धोतराच्या सोग्यानं पुसलं. ज्या दातांनी माझ्या लेकराचं मांस फाडलं त्यांचा मला राग यायला हवा होता. तो येत नव्हता. मला घाबरवणाऱ्या माणसाला त्यानं माझ्यापासून दूर केलं होतं, एवढंच त्याला ठाऊक.

अनुसया पदर सावरत धावत आली. तिनं ते सुटलेलं दावं बघितलं आणि जागीच थबकली.

"भुऱ्या हितं आला व्हता? वळखलं का त्यानं संतरामला?"

"न्हाई," मी म्हणालो. "न्हाई वळखलं. चावला त्याला. त्याच्यामुळंच सुटला पोरगा."

कुणी ओळखू नये, एवढंच ती इतका वेळ घरात देवापुढे मागत बसली होती. ते ऐकलं आणि ती मटकन मातीत बसली, आणि पोरगा गेल्यापासून जी एकदाही रडली नव्हती ती मोठ्यानं रडायला लागली. भुऱ्या तिच्याकडे जायला धडपडत होता. मी त्याला सोडलं नाही; मलाही कुणाला तरी धरून बसायचं होतं.