पावडर पक्की होईपर्यंत

माझ्या नवऱ्याला कुणालाही 'नाही' म्हणता येत नाही. तो 'बघू' म्हणतो. लग्नाआधी मला हा स्वभावाचा गोडवा वाटला होता. आता त्याचं 'बघू' ऐकलं की मी मनातल्या मनात 'नाही' असं लिहून घेते, आणि अंदाज सहसा चुकत नाही.

त्यामुळे माझे सासरे बाजाराच्या वळणावर सायकलवरून पडले, तेव्हा हा त्यांना "आता सायकल बंद" असं तोंडावर सांगेल, अशी माझी अपेक्षाच नव्हती. बाबांना फार लागलं नव्हतं. कोपर खरचटलं, गुडघा सुजला. डॉक्टरांनी काठी घेऊन चालायला सांगितलं. काठी आणली आणि ती दाराशी छत्र्यांच्या शेजारी उभी राहिली ती राहिलीच. बाबा तिच्याकडे नकोशा पाहुण्याकडे बघावं तसे बघत. सगळी नोकरी सायकलवरून घरोघरचे विजेचे मीटर वाचण्यात गेलेला माणूस. गुडघा सुजला म्हणून ताठा थोडाच उतरतो? सूज ओसरली की सायकल काढणार, असं त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं.

नवरा विमा कंपनीत आहे. जोखीम कशी टाळावी हे त्याला शिकवायला नको. तो ताकाला गेला आणि त्याने भांडं लपवलं. म्हणाला, बाबा, फ्रेम फारच गंजलीये, चालवायच्या आधी एकदा नीट रंगवून घेऊ. बाबा लगेच हो म्हणाले. बाबा लगेच हो म्हणाले, अशी घटना आमच्या घरात वारंवार घडत नाही.

मग चाकं, साखळी, हँडल सगळं सुटं होऊन पोत्यात गेलं. नवऱ्याने रंग काढायचं रसायन फासून फ्रेम खरवडली. जुन्या हिरव्या रंगाखालून उघडं पोलाद निघालं, त्यावर त्याने मशीनच्या तेलाचं फडकं फिरवलं, आणि ती मागच्या गॅलरीत हुकाला टांगली. तिथून चर्चेला तोंड फुटलं.

रोज संध्याकाळी चहाबरोबर बापलेक रंगावर बसत. ब्रशने ऑइलपेंट मारावा, तर केसांच्या रेघा दिसतात आणि पहिल्याच धक्क्याला टवका निघतो. स्प्रेचे डबे आणावेत, तर थर पातळ बसतो आणि सांध्यांवर ओघळ येतात. गॅरेजमधून मोटारीचा रंग मारून घ्यावा, तर गॅरेजवाला मोटारी सोडून सायकलीकडे कशाला बघेल? निकलचा मुलामा द्यावा, तर उन्हात डोळ्यांवर तिरीप येणार. पारदर्शक लॅकर मारून पोलाद तसंच दिसू द्यावं, हा बाबांचा लाडका बेत. पण लॅकरच्या आतून गंज वाळवीसारखा पसरतो, असं नवऱ्याने कुठेसं वाचलं होतं. राहता राहिलं पावडर कोटिंग. सगळ्यांत टिकाऊ. पण त्यात रंगाची पूड फवारून फ्रेम भट्टीत घालतात, आणि आट्यांमध्ये पावडर बसली तर सायकल परत जोडताना वांधे. मी म्हटलं, अहो, निदान प्रायमर तरी मारून ठेवा. तर कोणता प्रायमर मारायचा ते म्हणे वरच्या रंगावर ठरतं. घोडं तिथेच पेंड खात होतं, आणि दोघंही त्याला वरून आणखी पेंड घालत होते.

त्यात गंजाने डोकं वर काढलं. सगळीकडे नाही, फक्त वरच्या दांडीवर, मधोमध. नवरा पॉलिश पेपरने घासून काढायचा, तेल लावायचा, आणि काही दिवसांत त्याच जागी पुन्हा तांबूस डाग. नीट पाहिलं तर त्यात बोटं दिसायची. आम्ही पावडर कोटिंगपर्यंत आलो की डाग उमटलाच. मग आधी गंजाचं बघू, रंगाचं नंतर बघू. नवऱ्याने मला विचारलं, ओले कपडे वाळत घालताना हात लावतेस का? कामाच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुमच्या त्या सांगाड्याला मी फडकंसुद्धा लावत नाही. बाबांना मात्र विचारलं नाही. बाबा शेजारीच बसून फार गंभीरपणे मान हलवत होते.

आणि एका सकाळी मी त्यांना पाहिलं. थंडीपासून त्यांचा घसा धरला होता म्हणून मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या चालायच्या, गॅलरीतल्या बेसिनपाशी. मी बादली घेऊन दारात आले तर त्यांचा ओला हात दांडीवर होता. हात तसाच ठेवून ते डोळे मिटून उभे होते, बराच वेळ. मला भरून आलं. म्हाताऱ्या माणसाची एवढीशी हौस, आणि पोटचा पोरगा ती तेलात आणि रसायनात बुडवून बसलाय! मी पावलं न वाजवता मागे फिरले. कपडे त्या दिवशी दुपारपर्यंत बादलीतच राहिले.

नवरा कचेरीच्या कामाला बाहेरगावी गेला आणि मी पदर खोचला. गंज काढणाऱ्या माणसाकडे नेते, असं सांगून फ्रेम उतरवली. बाबा म्हणाले, "सावकाश होऊ दे म्हणावं. घाईत काम बिघडतं." मला वाटलं, किती हा समजूतदारपणा.

गॅरेजांच्या रांगेमागे पावडर कोटिंगचं एक शेड आहे. तिथे फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या टांगलेल्या असतात. नवऱ्याच्या सगळ्या शंका मी त्या माणसासमोर एका दमात ओतल्या. तो म्हणाला, आट्यांना बुचं लावतो, ती काय अडचण नाही. वाळायला किती दिवस, विचारलं तर हसला. म्हणाला, ताई, हा रंग वाळत नाही, भाजतो. भट्टीतून काढली, गार झाली, की पक्की; घरी न्या आणि चालवा. मी जुनाच गडद हिरवा सांगितला. सायकलवाल्याने सगळं जोडून दिलं, नव्या ब्रेकांसकट.

नवरा परतल्यावर रविवारी सकाळी मी दोघांना खाली फाटकापाशी बोलावलं. खालच्या मजल्यावरचे मास्तर आणि त्यांच्या पत्नीही होत्या, कारण त्यांनाही मीच सांगितलं होतं. चांगलं काम करावं आणि कुणी बघू नये, एवढी काही मी संत नाही.

बाबांनी सायकल पाहिली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तो खुलायची वाट बघत होते. तो उतरला. त्यांनी हँडल धरलं, ब्रेक दाबून पाहिला, घंटी वाजवली, पुन्हा ब्रेक दाबला. मास्तर म्हणाले, होऊन जाऊ दे एक फेरी. बाबांनी पाय उचलला. वीतभर उचलला असेल, आणि तो पाय असा काही थरथरू लागला की त्यांनी तो लगेच खाली टेकवला आणि साखळी तपासायला वाकल्यासारखं केलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मिठाचं पाणी. तो हात दांडीवर मायेने ठेवलेला नव्हता, गंज धरावा म्हणून ठेवलेला होता. पोरगा बापाला 'चालवू नका' म्हणू शकत नव्हता, आणि बाप पोराला 'मला भीती वाटते' म्हणू शकत नव्हता. मी मारल्यासारखं करतो, तू रडल्यासारखं कर, असं दोघांचं सुखाने चाललं होतं. आणि मी, घरातली एकटी शहाणी, टेम्पो करून भट्टीत जाऊन आले होते. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

नवरा पुढे आला. दांडीवरून बोट फिरवत म्हणाला, "बाबा, आज नको. कोटिंग नवीन आहे. पक्कं व्हायला वेळ लागतो."

"किती?" बाबांनी मान वर न करता विचारलं.

"वर्षभर तरी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नवऱ्यानेही पाहिलं. शेडवाला काय म्हणाला ते ऐकलेली तिथे मी एकटीच होते.

"हो," मी म्हटलं. "तो माणूसही तेच म्हणाला. वर्षभर वजन पडता कामा नये."

"मग घाई नको," बाबा म्हणाले. आणि एक हात हँडलवर, एक सीटवर ठेवून ते सायकल ढकलत फाटकाबाहेर पडले. पाय संथ पडत होते, पण सरळ पडत होते. बाजाराच्या वळणावर त्यांनी घंटी वाजवलेली आम्हाला ऐकू आली.

आता रोज सकाळी ते सायकल घेऊन फिरायला जातात. हँडलला पिशवी असते, येताना तीत भाजी असते. काठी छत्र्यांच्या शेजारी आहे तशीच आहे. मास्तरांनी मध्यंतरी मला विचारलं, अजून पक्की नाही झाली का हो पावडर? मी म्हटलं, हवेत ओलावा किती असतो हल्ली.

आता वर्ष होत आलं. गेल्या आठवड्यात जिन्याखाली लावताना सायकल भिंतीला घासली आणि दांडीवरचा नखाएवढा टवका उडाला. नवऱ्याने वाकून बघितलं. म्हणाला, इथे गंज धरला तर सगळं काढून पुन्हा करावं लागेल, बघू. बाबांनी टवक्यावरून एकदा बोट फिरवलं.

आज सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि त्यांनी गुळण्यांना कोमट पाणी मागितलं. घसा धरलाय का, मी विचारलं. म्हणाले, हो, जरासा. मी पाणी तापवलं, मीठ दोन चमचे जास्त टाकून ढवळलं, आणि त्यांना जिन्यात कठडा धरता यावा म्हणून भांडं मीच खाली नेऊन सायकलपाशी ठेवलं.