हरकत नसल्यास

कुणी हरकत घेतली नाही म्हणजे संमती आहे, हा नियम तोरुनने लग्नानंतर लगेच घरात आणला. आणला कसा, तर फ्रिजवर चिठ्ठी चिकटवून. आठवडाभरात एकही हरकत आली नाही, म्हणून तो मंजूर झाला. घरात तिच्याशिवाय एकटा नवराच होता, हाल्वार.

जगभरच्या ब्राउझरांनी कसं वागावं याचे नियम लिहिणाऱ्या समितीची ती अध्यक्ष. तिच्याकडे खातं ओळी मोडण्याचं. पडदा अरुंद झाला की ओळ कुठे मोडायची, हे बाई नॉर्वेत, ट्रोम्सोच्या स्वयंपाकघरात बसून ठरवायची आणि टोकियोपासून लिमापर्यंत ओळी निमूट तिथे मोडायच्या. समितीतली निम्मी माणसं मतदानाच्या वेळी झोपलेली असत. म्हणून तिथे मौन म्हणजे होकार. हरकत असेल तर मुदतीत सांगा, आणि नुसतं ‘नको’ चालणार नाही, पर्याय जोडा. ‘आहे तसंच राहू द्या’ हा पर्याय धरला जात नाही.

शिवाय एकदा बाहेर पडलेला नियम मागे घेता येत नाही, कारण तोवर लाखो पानं त्याच्या डोक्यावर उभी राहिलेली असतात. एकदा एका नियमाच्या नावातलं एक अक्षर तिच्या हातून गळालं होतं. कॉफीचा कप ठेवताना हाल्वारला ते दिसलंही होतं. तिला माहीत असेल, असं समजून तो गप्प बसला. आता सगळं जग ते नाव चुकीचं लिहितं, आणि बरोबर लिहिणाऱ्याचं पान बिघडतं.

हाल्वार शाळेत ट्रॉम्बोन शिकवायचा. दिवसाचा सगळा आवाज तिथेच खर्च होत असावा.

तोरुनचा उन्हाळा कयाकचा, पानगळ रानबेरींची, हिवाळा स्कीचा आणि उरलेलं वर्ष बैठकांचं. ईस्टरला ते दरवर्षी ल्युंगेनच्या डोंगरातल्या केबिनवर जात, बरोबर तिचा धाकटा भाऊ औदुन. केबिनच्या संडासाच्या दारावर डोंगराचे नियम लावलेले होते. तिथल्या प्रत्येक पोराला पाठ असणारा आठवा नियम बसल्यावर बरोबर डोळ्यांसमोर यायचा: वेळेत परत फिरा, परत फिरण्यात लाज नाही.

“लाज नाहीच,” तोरुन म्हणायची, “पण ठराव लागतो.”

त्या सकाळी हिमकडे कोसळण्याचा इशारा पाचपैकी तीनवर होता, नारिंगी. तीनला सगळेच जातात, असं तोरुन म्हणाली. औदुनने पिशवीत संत्री भरताना रंगसंगती जमल्याचं जाहीर केलं. हाल्वारने थर्मास भरला.

अर्ध्या चढणीवर हाल्वार लघवीला एका खडकाआड गेला. तिथे पायाखाली आवाज झाला. मोठा नव्हे, बसका आणि खोल. खालच्या मजल्यावर कुणी भरलेलं कपाट आडवं टाकावं तसा. त्याच्या स्कीच्या टोकापासून दोऱ्याएवढी चीर निघाली, सरसर खडकापर्यंत गेली आणि थांबली. वरचा बर्फ खालच्या थरावर नुसता ठेवलेला होता, धक्का लागला की घसरणारा. हे काय असतं ते त्याला नीट माहीत होतं. त्याने चेन लावली आणि तो परत वाटेला लागला.

खिंडीत दोघं संत्री सोलत बसले होते. पुढचा उतार वाऱ्याने आणून टाकलेल्या बर्फाने फुगला होता, नव्या उशीसारखा गुळगुळीत. तो आडवा ओलांडला की शिखर. नाहीतर आल्या वाटेने घरी.

“एकेक जण जाऊ,” तोरुन म्हणाली. “पहिली मी. कुणाची हरकत?”

“अध्यक्षबाई, माझं तोंड भरलंय,” औदुन म्हणाला. “होकार धरा.”

हाल्वारने नकाशा काढला. परत फिरणं म्हणजे आहे तसंच राहणं, ते चालणार नव्हतं. दुसरी वाट दाखवायला हवी होती. डावीकडची धार चढून जाता येईल का, हे तो बोटाने शोधत राहिला. बोट गारठलं होतं, समोच्च रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या.

“मग ठरलं,” तोरुन म्हणाली आणि निघाली.

ती पार मधोमध पोचली तेव्हा त्याच्या घशातून आवाज फुटला.

“तोरुन! माझी हरकत आहे!”

औदुनच्या हातातली फोड खाली पडली. समोर तोरुन थांबली. इतक्या वर्षांतली ही पहिलीच हरकत. तिचा चेहरा इथून दिसत नव्हता, पण खांद्यांवरून हाल्वारला कळलं, तिला बरं वाटलंय.

“मुदत संपली रे,” ती ओरडली. “बरं, पर्याय काय?”

“परत फीर.”

“तो पर्याय नव्हे, हाल्वार.”

तेवढ्यात तो आवाज पुन्हा झाला. कपाट या वेळी सगळ्यांनी ऐकलं. तोरुनच्या स्कीच्या टोकापासून एक बारीक रेघ निघाली आणि उताराच्या माथ्याकडे सरकू लागली, घाई नसल्यासारखी. ही ओळ कुठे मोडेल हे जगात कुणी सांगायचं, तर ते याच बाईने.

तोरुन मान वर करून रेघेकडे बघत राहिली. ती काहीच बोलली नाही.