कानतुटीची सोबत

कानतुटीला कळपातून वेगळं काढायचं यावरून शेजारच्या दादाची आणि वहिनीची सकाळीच जुंपली. कानतुटी ही त्यांची शेळी. सगळ्या मेंढ्या तिच्या मागे चालायच्या, आता तीच मागे पडत होती. पापणी उलटून पाहावी तर आत पांढरंफटक. जनावरांचे डॉक्टर सुई टोचून बजावून गेले होते, की हिच्या रक्तात किडा आहे. माशी हिला चावते आणि तेच रक्ताळलेलं तोंड घेऊन दुसरीला चावते. ही लांब ठेवा.

दादानं तिला बांधापलीकडच्या झाडाखाली बांधली, मेंढ्यांच्या वाडग्यात माश्या पळवायला धूर केला आणि मेंढ्या घेऊन रानात गेला.

पण कळपातलं जनावर एकटं राहतंय होय? दिवसभर ओरडून तिनं आमचे कान किटवले. चाऱ्याला तोंड लावीना. वहिनीचा जीव तीळतीळ तुटला. दुसऱ्या दिवशी लंगडतेय म्हणून सांगून तिनं एक मेंढी मागे ठेवली आणि कानतुटीशेजारी बांधली. शेळी लगेच खाऊ लागली. एकीलाच डांबणं बरं नव्हे, म्हणून वहिनी रोज नवं निमित्त सांगून नवी मेंढी बांधायची आणि संध्याकाळी कळपात सोडायची. आम्ही बायका तिच्या मायेचं कौतुक करत होतो. कपाळ आमचं!

हवा दमट झाली, माश्या माजल्या. ज्या क्रमानं मेंढ्या सोबतीला गेल्या, त्याच क्रमानं आडव्या पडू लागल्या. मग बाकीच्याही. दादा वेड्यासारखा धूर वाढवत राहिला. डॉक्टरांनी खोदून विचारलं, तेव्हा वहिनी म्हणाली, "सोबत दिली हो तिला. एकटी खात नव्हती."

डॉक्टरांनी पुढच्या मेंढीसाठी सुई भरायला घेतली. दादानं वहिनीला शिवीसुद्धा दिली नाही. तो बोलायचाच थांबला, आणि ते जास्त वाईट होतं.

वाडगं रिकामं झालं. सुई मानवली ती एकट्या कानतुटीला. तिच्या पापणीत लाली आली आणि ती पुन्हा ओरडू लागली.

एका दुपारी दादा दोर घेऊन झाडाकडे निघाला. शेळी विकायला नेतो की काय, म्हणून वहिनी मागे धावली. दोर बाजूला टाकून तो खाली बसला.

"खाते का आता?" किती दिवसांनी बोलला.

"कुणी जवळ बसलं तर खाते."

त्यानं चारा तिच्यापुढे ओढला आणि तिथंच बसून राहिला. वहिनी पदरानं दोघांवरच्या माश्या हाकत उभी होती.