बाबांचा क्षीरसागर

साल १९८३. शुक्रवारची सुट्टी. दोह्यातल्या फरीज बिन ओमरान वस्तीतल्या एका व्हिलाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पत्र्याचा हौद, त्यात पांढराशुभ्र ‘क्षीरसागर’. भगवी लुंगी सावरत क्षीरानंदबाबा त्यावरून तुरुतुरु पलीकडे गेले आणि गर्दीने एकच जयजयकार केला.

“पुण्यवान तरतो, पापी बुडतो! तरेल त्याचा रोग खलास!” बाबा गरजले. ‘खलास’ हा शब्द मुळात अरबी; दोह्याला येऊन बाबांची वाणीही अरबी झाली होती.

क्रेनचालक शहाजी पुढे सरसावला. मधुमेहाने त्याच्या पायाची जखम चिघळली होती. दुसऱ्या दिवशी इस्पितळात भरती व्हायचं होतं. हौदात उतरून त्याने हात जोडले, डोळे मिटले आणि बघता बघता गुडघ्यापर्यंत खाली गेला.

“पाप!” बाबा म्हणाले. “आता सुई नको, डॉक्टर नको. उपास कर, पुढच्या शुक्रवारी ये.”

एवढा दांडगा गडी, पण ढसाढसा रडायला लागला. गर्दीत उभ्या असलेल्या नयनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तेल कंपनीत इंजिनियर. तेलाची विहीर खोदताना वापरतात तो चिखल पाइपातून कसा वाहील, याची गणिती मॉडेलं बसवणं हे तिचं काम. तो चिखल ढवळला की पातळ होतो, स्वस्थ राहिला की थिजतो. हा सागर तिला नेमका उलट्या जातीचा दिसला. तिने हौदात बोट घातलं. हळूच घातलं तर आत गेलं. बुक्की मारली तर टणक!

“अहो, हे कॉर्नफ्लोअर आहे! सूप दाट करायला घालतो ते!”

“बाई, उपास करून आलात का?” बाबांनी दरडावलं.

“ऑम्लेट खाऊन आलेय,” म्हणत ती सँडलसकट हौदावरून धावत पलीकडे गेली. “आता तुम्ही मधोमध उभे राहा आणि सगळ्यांना सावकाश आशीर्वाद द्या.”

बाबांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली. पण सकाळपर्यंत त्यांचे पाय चेपणाऱ्या पोपटराव वेल्डरने दंड धरून त्यांना हौदात उभं केलं. पुण्याची रास गुडघ्यापर्यंत बुडाली.

“म्हंजी ताई, म्या हात जोडाया थांबलो म्हनून बुडलो?” शहाजीने विचारलं.

“हो, शहाजीभाऊ. झटका बसला की पिठाचे कण एकमेकांत अडकतात, सवड मिळाली की सुटतात. तुमचं पाप त्यांना कुठून कळणार? चला, आधी पाय धुवा. आत्ताच इस्पितळात जायचंय.”

शहाजीचा अंगठा गेला, पाय वाचला. आठवडाभर थांबला असता तर पायही गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

म्हणून सांगणं एवढंच, चमत्कार दिसला की आधी हात लावून बघा, प्रश्न विचारा. आणि औषध बंद कर म्हणणाऱ्या बाबाला दारात उभं करू नका.